सीईटीचे गुण नेमके कुठे गळतात, आणि घरी बसून ते कसे वाचवायचे

इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या शाखांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, २०२६ च्या प्रवेशांसाठी दोनदा घेणार, असं राज्य सरकारनं जाहीर केलं आणि बारावीच्या घराघरांत नवा हिशेब सुरू झाला. एप्रिलची परीक्षा बिघडली तर मेमध्ये पुन्हा द्यायची, दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल धरला जाणार. ऐकायला बरं वाटतं. पण मधे वेळ असतो जेमतेम महिनाभर. एवढ्यात नवीन क्लास लावून हाती फारसं काही लागत नाही. जे वाढायचं ते घरी, आपल्या टेबलाशी एकट्यानं बसूनच वाढणार. आणि तिथंच पोरं अडतात, कारण "अजून जोर लाव" यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

जोर कुठे लावायचा, हाच तर प्रश्न आहे. सीईटीत मागे पडणाऱ्या बऱ्याच मुलांना विषय येत नसतो असं नाही. पेपर घरी आणून निवांत सोडवायला दिला तर त्यातले कितीतरी प्रश्न ती बरोबर सोडवतात. परीक्षेत तेच प्रश्न सुटत नाहीत, कारण तिथं एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही आणि प्रश्न कोणत्या धड्यातला आहे हे कुणी सांगत नाही. ही तयारी वेगळी असते. ती एकट्यानं करता येते, किंबहुना एकट्यानंच करावी लागते.

आधी पेपर कसा आहे ते बघू

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांचा पीसीएम गट (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) धरू. एकूण १५० प्रश्न, २०० गुण, तीन तास. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. ती वेळ संपली की हा भाग बंद होतो आणि गणित उघडतं: ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा ९० मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्री लवकर संपवून वाचलेली वेळ गणिताला देता येत नाही आणि गणितातून मागेही जाता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही.

म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि गणितात १०८ सेकंद. हे दोन आकडे टेबलासमोर चिकटवून ठेवावेत.

आता अभ्यासक्रम. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर येतात. हे २० टक्के मुलं फार हलक्यात घेतात. प्रत्येक विषयात दहा-दहा प्रश्न धरले तर फिजिक्स-केमिस्ट्रीचे वीस आणि गणिताचे वीस, असे २०० पैकी ४० गुण अकरावीचे झाले. शिवाय अकरावीचं अख्खं पुस्तक नसतं, ठरावीक प्रकरणं असतात. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमपर्याय आणि संयोग, संभाव्यता वगैरे. फिजिक्समध्ये गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाश, स्थिरविद्युत, सेमीकंडक्टर वगैरे. बारावीच्या बोर्डापायी अकरावीची पुस्तकं माळ्यावर गेलेली असतात. महिन्याभरात सगळ्यात स्वस्तात मिळणारे गुण तिथं पडून आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

निकालात गुणांऐवजी ९२.४३ किंवा ९८.१६ असं काहीतरी येतं, दशांशचिन्हापुढे चक्क सात आकड्यांपर्यंत. पालकांचा इथं हमखास गोंधळ होतो: "नव्वद पडले म्हणजे २०० पैकी १८०, नाही का?" नाही.

पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती जणांना पडले, त्याचं शेकड्यात मांडलेलं प्रमाण. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे असल्यासारखं समजा. तुम्ही घरून किती मैल चालत आलात हे तिथं कुणी विचारत नाही. तुमच्या मागे किती माणसं आहेत, एवढंच मोजलं जातं. तुमच्या सत्रात २०,००० मुलं बसली आणि तुम्हाला धरून १९,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी असले, तर तुमचा पर्सेंटाइल ९५. मग तुमचे गुण ११० असोत की १३०.

यातून एक कामाची गोष्ट निघते. बारीच्या मधल्या भागात गर्दी दाट असते. तिथं तीन-चार प्रश्न जास्त सुटले तरी तुम्ही एकदम पुष्कळ लोकांना मागे टाकता आणि पर्सेंटाइल चांगला हलतो. अगदी पुढच्या टोकाला माणसं विरळ असतात, तिथं तेवढ्याच प्रश्नांनी दशांशातले आकडे बदलतात. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय, तिथल्या कॉम्प्युटरच्या जागा मात्र त्या दशांशांवरच ठरतात. पीसीएमला चार लाखांच्या वर मुलं बसतात. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळाला तरी तुमच्या पुढे चारेक हजार जण असतात. ९० ला चाळीस हजार. त्यामुळे "९० आले" म्हणून पेढे वाटण्याआधी हवं ते कॉलेज आणि हवी ती शाखा गेल्या वर्षी कितीवर बंद झाली, ते कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीच्या, कटऑफमध्ये बघून घ्यावं.

अजून एक बारीक गोष्ट. तिन्ही विषयांचे वेगवेगळे पर्सेंटाइल येतात, पण एकूण पर्सेंटाइल म्हणजे त्यांची सरासरी नव्हे. तो २०० पैकी मिळालेल्या एकूण गुणांवरून काढतात, आणि त्या २०० मध्ये गणित एकटं १०० आहे.

"पण आमच्या शिफ्टचा पेपरच अवघड होता"

दर वर्षीचं रडगाणं आहे हे, आणि ते पूर्ण खोटं नाही. परीक्षा बरेच दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कुणाला सोपा, कुणाला अवघड. म्हणून तर पर्सेंटाइल काढतात. तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होते. पेपर तुम्हाला अवघड गेला तसा त्यांनाही गेला. प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळतो, मग त्याचे गुण २०० असोत की १८५. वेगवेगळ्या सत्रांचे गुण असे एका मापात आणण्यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात.

ही पद्धत एक गोष्ट धरून चालते: प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्च्या मुलांचं मिश्रण साधारण सारखं असतं. हजारो मुलं एका सत्रात असली की हे बऱ्यापैकी खरं ठरतं, तंतोतंत नाही. आणि गोंधळ होतच नाहीत असंही नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते, आणि त्या मुलांची ५ मेला फेरपरीक्षा घ्यावी लागली. अशा वेळी संताप होणं साहजिक आहे. पण शिफ्ट कोणती मिळेल हे आपल्या हातात नाही. हातात आहे ते पुढे सांगतो.

वाचताना कळतं, पेपरात आठवत नाही

धडा तीनदा वाचला, हायलाइटरनं पिवळा केला, यूट्यूबवर अख्खा धडा एका दमात उरकणारं दीड तासाचं 'वन शॉट' बघितलं. सगळं समजलं. दोन दिवसांनी प्रश्न समोर आला आणि डोकं कोरं. असं का होतं?

समोर दिसलेली गोष्ट ओळखणं आणि पुस्तक बंद करून ती आठवणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. परीक्षा दुसरं काम करायला लावते आणि आपण सराव पहिल्याचा करतो. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा वाचला आणि पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं मात्र चित्र उलटं झालं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

गंमत त्या पाच मिनिटांत आहे. वाचून झाल्या झाल्या खरोखरच सगळं येतंय असं वाटतं, आणि त्या वाटण्यावर विसंबून आपण पुस्तक मिटतो.

म्हणून धडा एकदा नीट वाचला की पुस्तक बंद करायचं, कोरा कागद घ्यायचा आणि सूत्रं, व्याख्या, अभिक्रिया आठवतील तशा लिहायच्या. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा, मग आठवड्यानं. कंटाळवाणं आहे, त्रासही होतो. आठवताना जो त्रास होतो त्यानंच ते पक्कं होतं.

दुसरी सवय आणखी महागात पडते. बाजारातले प्रश्नसंच धडावार असतात. 'वर्तुळ' उघडलं की पुढचे साठ प्रश्न वर्तुळाचे. दहावा प्रश्न येईपर्यंत हात आपोआप चालतो, कारण कोणतं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावानंच सांगून टाकलेलं असतं. पेपरात ते नाव नसतं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये हेच गणितात तपासलं. वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. काहींना एकेका प्रकाराची उदाहरणं सलग दिली, काहींना सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणारे कितीतरी पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांना २० टक्के पडले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६३.

धडा पहिल्यांदा शिकताना सलग सोडवा, त्यात काही वावगं नाही. त्यानंतर मात्र जुन्या पेपरांतले प्रश्न पत्त्यांसारखे पिसून घ्या.

चुकांची वही

एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा.

मॉक टेस्ट, म्हणजे सरावाचा पूर्ण पेपर, दिली, १२८ आले, "पुढच्या वेळी वाढवू" म्हणत लॅपटॉप बंद केला, तर ते तीन तास वाया गेले. टेस्ट फक्त नाडी बघते, औषध त्यानंतर घ्यायचं असतं. जितका वेळ पेपर सोडवायला लागला, जवळपास तितकाच तो तपासायला लागला पाहिजे. चुकलेला, सोडलेला, आणि तुक्क्यानं बरोबर आलेला, असा प्रत्येक प्रश्न वहीत घ्यायचा. तो तिसरा प्रकार सगळे लपवतात, स्वतःपासूनसुद्धा.

एक प्रश्न जवळून बघू. "पृथ्वीवरचा मुक्तिवेग ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद आहे. पृथ्वीइतकीच घनता आणि दुप्पट त्रिज्या असलेल्या ग्रहावर तो किती असेल?" पर्यायांत ७.९ आहे आणि २२.४ पण आहे. मुलाला सूत्र पाठ आहे: मुक्तिवेगाच्या वर्गमुळात वस्तुमान वर आणि त्रिज्या खाली. त्रिज्या दुप्पट, म्हणून ११.२ ला दोनच्या वर्गमुळानं भागलं, ७.९ आलं, पर्यायांत दिसलं, टिक केलं. तीस सेकंदांत काम फत्ते, आणि उत्तर चूक.

घनता सारखी म्हटल्यावर वस्तुमान सारखं राहत नाही, ते त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्रिज्या दुप्पट म्हणजे वस्तुमान आठपट. आठ भागिले दोन म्हणजे चार, त्याचं वर्गमूळ दोन. उत्तर २२.४.

आता वहीत काय लिहायचं? "गुरुत्वाकर्षण कच्चं" असं लिहिलं तर पुन्हा अख्खा धडा वाचत बसाल, आणि धडा तर येतच होता. नेमकं लिहा: "घनता सारखी, हे शब्द वाचले पण वापरले नाहीत. वस्तुमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे." दोन ओळी. हाच सापळा गुरुत्व त्वरणाच्या प्रश्नातही लावतात, ही तिसरी ओळ.

चुका ढोबळमानानं चार जातींच्या निघतात. संकल्पनाच माहीत नव्हती. माहीत होती पण सूत्र आठवलं नाही. सगळं आलं पण आकडेमोडीत किंवा वाचण्यात घसरलो. किंवा वेळच पुरला नाही. प्रत्येकीचा इलाज निराळा. पहिलीला पुस्तक उघडावं लागतं, दुसरीला कोरा कागद. तिसरी जात मात्र घरातले सगळे "सिली मिस्टेक" म्हणून माफ करतात, आणि तीच पुन्हा पुन्हा होते. चार-पाच पेपरांनंतर वही चाळली तर कळतं की तुमच्या चुका काही अशाच इकडेतिकडे विखुरलेल्या नसतात. कुणाचं वजाचं चिन्ह दर वेळी हरवतं, कुणी सेंटिमीटरचं मीटर करायचं विसरतं, कुणी "खालीलपैकी कोणते चूक आहे" यातला 'चूक' हा शब्दच गिळतं. आपली खोड कोणती हे क्लासच्या शंभर मुलांत सरांना दिसणार नाही. तुमच्या वहीत दिसतं.

वेळ, पर्याय आणि तुक्का

पहिल्या भागात केमिस्ट्री आधी घ्यावी, असं मी सुचवेन. तिथले बरेच प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या वाक्यावरून उचललेले असतात, येतं किंवा येत नाही, विचार करत बसण्यात अर्थ नसतो. ती ३५ मिनिटांत उरकली तर फिजिक्सला ५५ मिनिटं उरतात, म्हणजे प्रश्नाला ६६ सेकंद. हे वेळापत्रक सगळ्यांना मानवेल असं नाही. दोन मॉक इकडून, दोन तिकडून देऊन बघा.

पर्याय हे फक्त उत्तर निवडायला नसतात, उत्तर शोधायलाही असतात. एका बिंदूतून जाणाऱ्या आणि दिलेल्या रेषेला लंब असलेल्या रेषेचं समीकरण विचारलं, तर आधी तो बिंदू चारही समीकरणांत घालून बघा. दोन-तीन पर्याय तिथंच गळतात. इंटिग्रेशनचं उत्तर सापडत नसेल तर पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून मूळ फलन येतं का, ते बघता येतं. बोर्डाच्या पेपरात याला शून्य गुण, इथं पूर्ण गुण.

आणि तुक्का? निगेटिव्ह मार्किंग नसताना प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं तर सरासरीनं चारांत एक लागतो. दोन पर्याय आधीच उडवता आले तर दोनांत एक. गणितात असे दहा प्रश्न असतील तर दुसऱ्या हिशेबानं सरासरी दहा गुण होतात. सगळीकडे 'क' मारा, 'ब' मारा असले मंत्र फिरत असतात, त्यांत काही तथ्य नाही. ९० मिनिटं संपायला दोन मिनिटं उरली की हातातला प्रश्न सोडून सगळे कोरे भरून टाकायचे, एवढी शिस्त मॉकपासूनच लावून घ्या.

"क्लासशिवाय कसं जमणार?"

क्लास दोन गोष्टी विकतो: वेळापत्रक आणि टेस्ट. शिकवणं तिसरं. वेळापत्रक घरी करता येतं. पेपराचा पाया राज्य मंडळाचा अभ्यासक्रम आहे आणि बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. संगणकावरच्या पेपराची सवय व्हावी म्हणून परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मॉक असतात. जुने प्रश्न कोणत्याही दुकानात मिळतात.

घरी मिळत नाही ती शंका विचारायची जागा. त्यासाठी कॉलेजातले एखादे सर, मॅडम किंवा वर्षभर पुढचा एखादा दादा किंवा ताई गाठून ठेवावी, आणि आठवड्याच्या शंका साठवून एकदाच विचाराव्यात. आणि एक इशाराही. डेरिव्हेटिव्हच नीट येत नसेल तर मॉकवर मॉक देऊन गुण वाढत नाहीत, फक्त मन खचतं. अशा मुलानं आधी मोजकी प्रकरणं पक्की करावीत, मॉक आठवड्याला एक पुरे.

मराठी माध्यमातल्यांचं काय?

फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठी आणि उर्दूतही मिळतो, गणित मात्र फक्त इंग्रजीत असतं. प्रश्नातलं इंग्रजी साधंच असतं, पण ठरावीक शब्दांवर गाडी अडते: पर्पेंडिक्युलर, टँजंट, रिस्पेक्टिव्हली, अ‍ॅट लीस्ट. संभाव्यतेत 'अ‍ॅट लीस्ट वन' आणि 'अ‍ॅट मोस्ट वन' यांची अदलाबदल झाली की दोन गुण गेले. असे शब्द चुकांच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपत गेलात तर पंधरा दिवसांत यादी संपते.

"आम्ही जेईई करतोय, सीईटी आपोआप होईल"

होतेच असं नाही. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत तीन तासांत ७५ प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापतात. त्या परीक्षेनं लावलेली सवय म्हणजे विचार करून सोडवा, शंका असेल तर सोडून द्या. सीईटीत तेवढ्याच वेळात दुप्पट प्रश्न, आणि सोडून देणं हाच तोटा. जेईईवाल्यांना संकल्पनांचा अभ्यास लागत नाही, घड्याळ लावून किमान चार-पाच पूर्ण पेपर मात्र लागतात, नाहीतर पहिल्या भागात फिजिक्सचे पंधरा प्रश्न न वाचताच वेळ संपते. परीक्षेची सत्रं सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच अशी असतात. हॉल तिकिटावर जे सत्र येईल, शेवटचे मॉक त्याच वेळेला द्या. दुपारचं सत्र असेल तर जेवून लगेच बसल्यावर झोप येते का, हेही त्यात कळून जातं.